कौल उजवा पडला, पण प्रश्न कोणाचा होता?

आमच्या गावच्या देवळात कौल लावायचा असला की गुरव आधी पाषाण धुऊन घेतो. काळा गुळगुळीत दगड, पिढ्यानपिढ्या तेलपाणी पिऊन गार पडलेला. मग तांब्यातल्या पाण्यात एकेक कळा बुडवायचा आणि अंगठ्याने दाबून पाषाणावर बसवायचा, काही उजव्या अंगाला काही डाव्या. (कळा म्हणजे फुलाची कळी. कुठे तांदूळ लावतात, कुठे पाकळ्या, कुठे पानं, गोव्यात ह्यालाच प्रसाद म्हणतात, देवळागणिक पद्धत बदलते.) मग गाऱ्हाणं. "हे देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा..." आणि मागे उभे असलेले सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा!" आणि त्यानंतर एकदम शांतता. सगळ्यांचे डोळे त्या ओल्या कळ्यांवर. उजवा पडला तर देव हो म्हणाला, डावा पडला तर नाही, आणि कुठलाच पडत नसेल तर देव बोलत नाहीये, उभे राहा. मी एकदा घड्याळात बघितलंय, बावीस मिनिटं कोणी जागचं हललं नव्हतं, माझा साडेतीन वर्षांचा पुतण्यासुद्धा. मुंबईत आम्ही सिग्नलला बावीस सेकंद थांबत नाही.

त्या बावीस मिनिटांत देवाला विचारलं होतं ते असं, की हायवेत गेलेल्या जमिनीचा मोबदला आलाय तर कलमांच्या बागेचं वाटप आत्ताच करून टाकावं की शिमगा होऊ द्यावा. डावा पडला. काका म्हणाले प्रश्न नीट घातला नाही, परत घाला. दुसऱ्यांदा "शिमग्याच्या आधी वाटप केलं तर घरात काही वाईट घडणार नाही ना" असा फिरवून घातला, परत डावा. तिसऱ्यांदा "घरातल्या सगळ्यांच्या भल्यासाठी करतोय, तर राखण करशील ना" असा. उजवा! काका मागे वळून म्हणाले, "उजवी दिली!" सगळ्यांनी नमस्कार केला, नारळ फुटला, गुरवाला दक्षिणा मिळाली. म्हातारा गुरव तांब्या उचलता उचलता पुटपुटला, "पुरे आता, देव दमलो."

मला हसू आलं आणि मी हसलो पण. पण माझी आत्या बाहेरच्या खांबाला टेकून उभी होती, तिने हळूच जे म्हटलं ते अजून डोक्यातून जात नाही. म्हणाली, "देवाक काय इचारूचा ता तुमीच ठरवतास, मग देव उत्तर तरी काय देतलो?"

आत्याचं म्हणणं न कळण्यासारखं नव्हतं. वाटप आत्ता की नंतर हे तीन वेळा विचारून झालं. वाटप किती जणांत, हे एकदाही विचारलं नाही. तिने त्याआधीच हक्कसोड करून दिला होता, म्हणजे करून घेतला होता, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात दोन साक्षीदार आणि अंगठ्याचे ठसे, संध्याकाळी घरी मटण. एका साडीवर आणि "माहेर तुटायला नको" ह्या एका वाक्यावर. कायदा तिच्या बाजूने होता. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा महाराष्ट्राने १९९४ लाच दिला, केंद्राने २००५ मध्ये, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की हा हक्क जन्माने आहे, २००५ ला वडील जिवंत होते की नव्हते ह्याचा संबंध नाही. पण आमच्या घरात कायदा कोणी काढला नाही आणि देवाकडेही हा विषय कोणी नेला नाही. कारण उत्तर माहीत होतं. ज्या प्रश्नाचं उत्तर माहीत असतं आणि ते परवडणारं नसतं तो प्रश्न आपण गाऱ्हाण्यात घालतच नाही.

मला ह्या लेखात एवढंच म्हणायचंय खरं तर, पण थोडं सविस्तर म्हणतो, कारण "तुम्ही लोक श्रद्धेची टिंगल करता" अशी कमेंट येणारच आहे आणि मला टिंगल करायची नाहीये.

पहिली गोष्ट, कौलाला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा गावपळण बघावी. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला रामेश्वराचा कौल झाला की दर तीन-चार वर्षांनी अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं. गावात चिटपाखरू नाही. वेशीबाहेर राहुट्या पडतात, आणि ज्याचा दोन मजली बंगला आहे तोही झावळांखाली झोपतो आणि ज्याचं कुडाचं घर आहे तोही. परत जायचं की नाही ते पुन्हा कौल लावूनच ठरतं. मला विचाराल तर कुठल्याही ग्रामसभेच्या ठरावाने हे होणार नाही, चार जण कोर्टात जातील. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेचं तसंच, तिची तारीख कॅलेंडरवर छापलेली नसते, देवीचा कौल होतो आणि मग तारीख जाहीर होते आणि मग आम्ही चाकरमानी रेल्वेच्या तिकिटासाठी मरतो. इथे देवाच्या इच्छेने कोणाचं काय बिघडलं? सोमवार की बुधवार, दोन्ही दिवस सारखेच चांगले, कोणीतरी एकाने ठरवायला हवं, आणि तो कोणीतरी एक सरपंच नसून देव आहे म्हटल्यावर भांडण उरत नाही. आमच्या पूर्वजांना हे कळत होतं. चिठ्ठ्या टाकण्यापेक्षा ह्यात मान जास्त आहे.

म्हणजे जिथे दोन्ही वाटा बऱ्या आहेत, आणि जो निर्णय लागेल तो सगळ्यांना सारखाच लागणार आहे, तिथे कौल ही चांगली सोय आहे असं माझं मत झालंय. घोळ होतो तो कौल आपल्या घरात आणला की.

"कौल" शब्द बघा ना. मूळ अरबी, अर्थ बोल, दिलेला शब्द. जुन्या कागदपत्रांत कौलनामा असतो, अभयकौल असतो. दुष्काळाने नाहीतर स्वारीने गाव ओस पडलं की रयतेला परत आणून वसवायला सरकार कौल द्यायचं, की या, जमीन कसा, पहिल्या वर्षी सारा इतका कमी, दुसऱ्या वर्षी इतका, हळूहळू वाढवत नेऊ. आणि रयतेने त्याबदल्यात जमीन लागवडीला आणायची. म्हणजे कौल हा दोन्ही बाजूंनी पाळायचा शब्द होता. आता देवळातल्या कौलात आपण देवाकडून शब्द घेतो, राखण करशील ना, यश देशील ना, आणि आपण काय देतो? नारळ. फारच झालं तर कोंबडा. (घरावरचं कौल वेगळं, पण आमच्या कोकणात दोन्ही कौलं पावसाळ्यात घसरतात ते सोडा.)

दुसरी गोष्ट, हे फक्त देवळातलं नाही. देवळात निदान चारचौघांसमोर होतं. एरवी दिवसभर आपण सगळे एकेकटे आपापला कौल लावत असतो. इंटरव्ह्यूला निघताना मांजर आडवं गेलं, फ्लॅट बघायला गेलो आणि बिल्डिंगचं नाव नेमकं कुलदेवतेचं निघालं, घड्याळात बघावं तर ११:११, मग "युनिव्हर्सने सिग्नल दिला". माझ्या ऑफिसातली नवी पोरं देव मानत नाहीत म्हणतात पण युनिव्हर्स मानतात, आणि त्या युनिव्हर्सला पण ह्यांच्या अप्रेझलशिवाय दुसरा उद्योग नसतो. आमच्या ओळखीतल्या एकांनी सिझेरियनचा मुहूर्त काढून आणला होता, डॉक्टरीणबाई म्हणाल्या बाळाचा मुहूर्त बाळाला ठरवू द्या हो, तरी ऐकलं नाहीत. बाळ छान आहे, आता तीन वर्षांचं आहे, आणि जाम हट्टी आहे, ग्रह बदलूनही उपयोग झाला नाही.

ह्या सगळ्या विचारण्यांची एक यादी केली तर काय दिसेल? नोकरी बदलू का, लग्न ह्या स्थळाशी करू का, शेअर आत्ता विकू का, मुलाला इंजिनियरिंगला कुठे टाकू. सगळे प्रश्न पुढे काय होणार ह्याचे. मला फायदा होईल का, मला त्रास होईल का. आईला वृद्धाश्रमात ठेवू की घरी, असा कौल लावलेला कोणी ऐकलाय का? सोसायटीच्या वॉचमनचा तीन महिन्यांचा थकलेला पगार देऊ की नको, ह्याला कोणी गुरुजींना विचारलंय? कामवाल्या बाईंना बाळंतपणाची भरपगारी सुट्टी द्यावी अशी देवाची इच्छा आहे का, ह्याचा शोध घ्यायला कोणी तीन दिवस उपास केलाय? नाही केला, कारण ह्यात देवाला विचारण्यासारखं काही नाही, सरळ आहे. देवाच्या इच्छेचा जेवढा भाग आपल्याला स्वच्छ कळतो त्याच्याकडे पाठ करून, न कळणाऱ्या भागासाठी आपण रांगा लावतो. माझा मुद्दा पटत नसेल तर स्वतःचे गेल्या वर्षभरातले नवस आठवून बघा. मी बघितले. माझे चार होते. चारही माझ्यासाठीच.

नवसावरून तुकोबांचं ते "नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पति" सगळ्यांना पाठ असतं आणि व्यासपीठावर टाळ्या पण घेतं. पण मला त्यापेक्षा सावता माळ्याची गोष्ट जास्त जवळची वाटते. अरणचा माणूस, पंढरपूर इतक्या जवळ, आणि हा मळा सोडून वारीला जात नाही, म्हणतो माझा विठ्ठल इथेच ह्या भाजीत आहे. त्याला कधी प्रश्न पडला नसेल का, की पाऊस पडेल की नाही, यंदा मुळा लावू की कांदा? पडला असेलच, शेतकऱ्याला तोच तर प्रश्न असतो. पण त्याने देवाची इच्छा शोधायला मळा सोडला नाही. आजही रिवाज असा की विठ्ठलाची पालखी पंढरपूरहून अरणला येते. देव त्याच्याकडे जातो. काय म्हणायचंय ते ज्याने त्याने समजून घ्यावं.

आता सार्वजनिक बाजू, ज्याच्यामुळे मी मुळात लिहायला बसलो. घरात देवाची इच्छा आधी विचारतात. बाहेर, म्हणजे सरकार, कंपनी, ट्रस्ट, ह्यांच्या जगात ती नंतर सांगतात. आधी कोणी विचारत नाही की बा देवा, ह्या पुलाची केबल न बदलता लोकांना सोडू का. ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातेत मोरबीचा झुलता पूल पडला, १३५ माणसं गेली, पोरं होती त्यात कितीतरी, आणि पूल सांभाळणाऱ्या कंपनीच्या अटकेतल्या एका मॅनेजरने कोर्टात काय सांगितलं, तर ही दुर्घटना व्हावी ही देवाची इच्छा होती. आणि त्याच कोर्टात सरकारी वकील सांगत होते की दुरुस्तीत नुसती खालची फ्लोअरिंग बदलली होती, जुन्या केबल तशाच होत्या. मार्च २०१६ मध्ये कोलकात्यात बांधकाम चालू असलेला फ्लायओव्हर रस्त्यावर कोसळला तेव्हाही कंपनीच्या माणसाने "अ‍ॅक्ट ऑफ गॉड" म्हटलं होतं. कॉन्ट्रॅक्टमध्ये असतं तसलं कलम, भूकंप, वादळ, पूर आला तर आमची जबाबदारी नाही. देव हा आपल्याकडे असा एकमेव पार्टनर आहे की जो नफ्यात वाटा मागत नाही आणि तोटा मात्र पूर्ण त्याच्या नावावर टाकता येतो.

आणि आपल्याकडचं सांगायचं तर मांढरदेवी. २५ जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमा, काळूबाईची यात्रा. डोंगरावरच्या अरुंद वाटा, दोन्ही बाजूंना दुकानं, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, कोणीतरी घसरलं, मागून गर्दी, मग आगी. जवळपास ३०० माणसं गेली. त्यानंतर मी गावाकडच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय, "देवीचा कोप झाला", "यात्रेत काहीतरी चुकलं असणार". अहो चुकलं होतंच, पण ते देवीच्या नाही, रस्त्याच्या रुंदीत चुकलं होतं. चौकशीला कोचर आयोग नेमावा लागला तो देवीची चौकशी करायला नाही. जी बाई पोराला कडेवर घेऊन पायरी चढत होती तिच्या बाबतीत देवीची इच्छा काय होती हे मला नाही माहीत. पायऱ्या धुवायला माणूस ठेवायला हवा होता एवढं माहीत आहे, आणि तेवढं पुरेसं आहे.

तिवऱ्याचं धरण फुटलं, चिपळूण तालुक्यात, २ जुलै २०१९ च्या रात्री, त्या आधीपासून गावकरी गळतीच्या तक्रारी करत होते. वीसेक माणसं गेली. तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले खेकड्यांनी धरण पोखरलं. मी तर म्हणतो ही प्रगतीच आहे. देवाचं नाव नाही घेतलं, निदान खेकड्यांवर ढकललं.

इथे कोणी म्हणेल की हे सगळे बदमाश लोक झाले, खरा भक्त असं करत नाही. ठीक. मग भल्या माणसाचं उदाहरण घ्या, महात्मा गांधींचं. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, हजारो माणसं मेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यता निवारणाच्या दौऱ्यावर होते आणि ते जाहीरपणे म्हणाले की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची देवाने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांना हे सहन झालं नाही. त्यांनी निषेध लिहून पाठवला आणि गांधीजींनी तो, हे मोठेपण त्यांचं, स्वतःच्याच "हरिजन" साप्ताहिकात छापला आणि खाली आपलं उत्तर दिलं. टागोरांचा एक मुद्दा मला बिनतोड वाटतो, की हेच लॉजिक उद्या समोरचे लोक तुमच्यावर उलटवतील, म्हणतील गांधी धर्म बुडवतोय म्हणून भूकंप झाला. अगदी बरोबर. आणि मुंगेरला जो ढिगाऱ्याखाली गेला तो स्वतः अस्पृश्य मानला गेलेला माणूस असेल तर त्याला कसली शिक्षा? गांधीजींचं अस्पृश्यतेबद्दल बरोबर होतं, हजार टक्के, पण त्याच्यासाठी भूकंपाची साक्ष काढायची गरजच नव्हती. अस्पृश्यता पाप आहे हे जमीन हलली नसती तरी तेवढंच खरं होतं. इतका मोठा माणूस, ज्याने आतला आवाज ऐकायची आयुष्यभर साधना केली, तो देवाची इच्छा वाचताना चुकू शकतो, तर आपले काका कोण लागून गेले.

आणि अगदी अलीकडचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या आपल्या मूळ गावी, कन्हेरसरला आले होते, तिथे बोलताना म्हणाले की अयोध्येचा खटला समोर होता तेव्हा मी देवासमोर बसलो आणि त्याला सांगितलं की मार्ग शोधून दे. बराच गदारोळ झाला. पुढे त्यांनी खुलासा केला की आपण मन शांत ठेवण्याबद्दल बोलत होतो. मला न्यायाधीशाने प्रार्थना करण्यात काहीच वावगं वाटत नाही, उलट एवढ्या दडपणात माणूस देवासमोर बसला तर बरंच आहे. माझा आक्षेप सांगण्याला आहे. कारण हरलेल्या बाजूला निकालाच्या कागदावर कायद्याचं आणि पुराव्याचं उत्तर देता येतं, रिव्ह्यू टाकता येतो, पण न्यायाधीश देवासमोर बसले होते ह्यावर अपील कुठे करायचं? तोच आमच्या देवळातला प्रकार. उजवी दिली म्हटल्यावर आत्या बोलणार काय.

गंमत म्हणजे ज्या धर्मांत ही देवाची इच्छा ओळखण्याची पद्धत नीट बसवलेली आहे, तिथे हा धोका त्यांना फार आधी कळलाय. माझा कॉलेजपासूनचा एक मित्र रत्नागिरीकडचा, कोकणी मुसलमान, त्याच्याकडे इस्तिखारा असतो. दोन रकात नमाज आणि एक दुआ, की अल्ला, ह्या कामात माझं भलं असेल तर ते सोपं कर, नसेल तर मला त्याच्यापासून लांब ठेव. मी त्याला विचारलं कशासाठीही करतात का? तर म्हणाला छे, जे फर्ज आहे त्याला इस्तिखारा नसतो आणि जे हराम आहे त्यालाही नसतो. नमाज पढू का असा इस्तिखारा करशील का? बहिणीचा हिस्सा देऊ का, असा करशील का? तिचा हिस्सा तर कुराणात लिहिलेला आहे. (देतात का सगळे, असं मी विचारलं. तो गप्प बसला. मग दोघेही हसलो, तसं हसण्यासारखं काही नव्हतं.)

आणि ऑफिसातली एक मैत्रीण वसईची, कॅथलिक, घरी वाडवळी नाहीतर सामवेदी बोलणारी माणसं असतात ना तसलं घर. तिला दुबईची नोकरी आली होती आणि इकडे सासऱ्यांचा पार्किन्सन. ती एका जेजुइट फादरकडे जाऊन आली. मला वाटलं बायबलचं पान उघडून बोट ठेवायला सांगतील. तसलं काही नाही. त्यांच्या परंपरेत, म्हणजे सोळाव्या शतकात जेजुइट संघ काढणाऱ्या इग्नेशियस लोयोलापासून, म्हणे ठरलेलं आहे की निवड करायची ती दोन चांगल्या गोष्टींतच करायची, एक बाजू मुळात वाईट असेल तर तिथे निवड कसली. आणि मन खचलेलं असताना, सगळं काळं दिसत असताना, आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही, ते ढग जाऊ द्यायचे. आणि अजून एक, जे मला फारच आवडलं, समज तुला अजिबात ओळखत नसलेला माणूस हाच प्रश्न घेऊन तुझ्याकडे आला, तर तू त्याला काय सल्ला देशील? आणि समज तू मरणाच्या दारात आहेस, तेव्हा मागे वळून बघताना काय ठरवलेलं असतं तर बरं वाटलं असतं? ह्यात कळा नाही, पाकळी नाही, मांजर नाही. आपल्यालाच आपल्यापासून दोन पावलं लांब नेऊन उभं करायचं. ती दुबईला गेली नाही. नाही गेली हेच बरोबर असं मी म्हणत नाही, गेली असती तरी तिने तिकडून व्यवस्था लावलीच असती. पण तिने कोणालाही "देवाने सांगितलं" असं म्हटलं नाही. म्हणाली, "मी ठरवलं." मला हे फार महत्त्वाचं वाटतं. प्रार्थना करून उठल्यावरही वाक्याचा कर्ता "मी" राहिला पाहिजे.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायलाच हवी. माझे वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये आयसीयूत होते. रात्री दीडला डॉक्टर बाहेर आले, व्हेंटिलेटर लावायचा का, लावला तर ह्या वयात निघण्याची शक्यता कमी, नाही लावला तर... आणि सही मी करायची होती. दोन्हीपैकी काहीच बरोबर नव्हतं आणि काहीच चूक नव्हतं. तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये खिशातलं दहाचं नाणं काढून मुठीत धरलं होतं. उडवलं नाही, पण धरलं होतं. त्यावेळी कोणी पाषाण आणि ओले कळे समोर आणून ठेवले असते तर मी लावले असते, तिथल्या तिथे, कसलाही विवेकवाद आठवला नसता. म्हणून त्या अवस्थेतल्या माणसाला मी हसणार नाही. जिथे खरोखरच समजत नाही तिथे माणसाला कोणाच्या तरी खांद्यावर डोकं टेकायचं असतं, आणि देवाचा खांदा रात्री दीडलाही मोकळा असतो. पण आमच्या बागेचं वाटप आयसीयूत नव्हतं. तिथे सगळ्यांना सगळं समजत होतं.

तर ते वाटप. झालं. काकांच्या घराला एक भाग, आमच्या घराला एक भाग, हायवेचा चेक निम्मा निम्मा. माझ्या खात्यात जे पैसे आले त्यातून मी डोंबिवलीच्या फ्लॅटचं कर्ज फेडलं, हे पण सांगून टाकतो, नाहीतर मी फार साधू वाटेन. देवळात "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत माझाही आवाज होता. हक्कसोड रजिस्टर झालेला आहे, तो आता असा सहज मागे फिरत नाही, पण आम्ही चुलत-सख्ख्या भावंडांनी ठरवलं तर आपापल्या भागातला थोडा थोडा तुकडा आत्याला बक्षीसपत्राने देता येतो, वकिलाशी बोललोय, स्टॅम्प ड्युटी किती पडेल ते पण काढलंय. दहा-बारा कलमं तिच्या नावावर झाली तर तिचं म्हातारपण थोडं ताठ जाईल. आतेभाऊ रिक्षा चालवतो, त्याचं आणि तिचं पटत नाही.

गेल्या आठवड्यात मी हे फॅमिली ग्रुपवर टाकलं. सविस्तर, आकड्यांसकट. दोन दिवस कोणी काही बोललं नाही, निळ्या टिका मात्र सगळ्यांच्या. मग कॅनडातल्या चुलतभावाचा मेसेज आला, खूप छान विचार आहे दादा, पण एवढा मोठा निर्णय आहे तर गणपतीत सगळे गावी जमू तेव्हा एकदा देवळात कौल लावून घेऊया, देवाची इच्छा असेल तर प्रश्नच नाही.

आत्तापर्यंत अकरा अंगठे आलेत त्याला. आत्या त्या ग्रुपवर नाहीये.